कधी लागतो, कधी लागत नाही

आमच्या एक्स्चेंजात तेव्हा फोनचा नंबर सांगणाऱ्या माणसाला आम्ही येडा समजत असू. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं एक्स्चेंज ते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथं माझी माणसं अजून राहतात आणि त्यांची तोंडं फार मोठी आहेत. महाराष्ट्र होऊन सहासात वर्षं झाली असतील. गावात सगळे मिळून पन्नासएक फोन. अडत्यांचे, कापसाच्या जिनवाल्यांचे, वकिलांचे, डॉक्टरांचे, आणि ज्यांना कुणाशीच बोलायचं नव्हतं पण दिवाणखान्यात फोन दिसायला हवा होता अशा चारदोन पाटलांचे. कुणी हँडल फिरवलं की माझ्यासमोरच्या बोर्डावर पितळेची एक झडप खट्कन पडायची. मी दोरी जोडून विचारायचो, "कोण पाहिजे?" समोरचा नाव सांगायचा. नावावरून नंबर मी डोक्यातून काढायचो. नंबरांचं पुस्तक खुंटीला टांगलेलं होतं, पण ते उघडणं आम्हाला कमीपणाचं वाटे.

मी तेव्हा पंचविशीचा, मॅट्रिक पास, आणि स्वतःला शहाणा समजणारा. बोर्डावर दोघे जण आळीपाळीनं बसायचो, मी आणि माझा एक जोडीदार. दोघांच्याही तोंडी एकच मंत्र होता, "नाव सांगा, नाव!" हा मंत्र मी त्याला शिकवला होता, आणि याचाही मला अभिमान होता.

धाड गावाच्या बाजूला एक बाजाराचं खेडं होतं. तिथल्या पोस्टात सार्वजनिक फोन नवा नवा आला होता. पोस्ट म्हणजे पोस्टमास्तरांच्या घराची ओसरी. एक टेबल, एक तराजू, भिंतीला ठोकलेला फोन. या फोनवरून आमच्या गावातल्या एका डॉक्टरांना कॉल यायचे. आमच्याकडे डॉक्टर तीनच आणि तिघांचं आडनाव एकच, दोन सख्खे भाऊ आणि एक चुलत, त्यामुळे पहिलं नाव सांगितल्याशिवाय कुणाला जोडायचं ते कळत नसे. या तिघांतल्या एकाजवळ जीप होती. बाई अडली, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की खेड्यातून त्यालाच फोन करायचे आणि तो जायचा. बाकीचे दोघे फी घ्यायचे आणि सल्ला द्यायचे.

तर या खेड्यातून या डॉक्टरांना फोन कधी लागायचा, कधी लागायचा नाही. पाच वेळा ठणठणीत लागे. सहाव्या वेळेला झडप पडे, मी विचारी, "कोण पाहिजे?" तिकडून एक बाईमाणूस म्हणे, "डाक्टरले द्या." मी विचारी, "कोणते डॉक्टर? नाव सांगा, नाव!" आणि लाईन गप्प. मी हॅलो हॅलो करून घसा कोरडा करी. मग खळ्ळ करून फोन ठेवल्याचा आवाज. मी तक्रारीच्या वहीत लिही, "आवाज मधेच जातो. लाईन दोष." सही करून चहा प्यायला मोकळा.

लाईन दोष म्हटलं की ठपका लाईनमनवर. आमचा लाईनमन रोहिणखेडचा, पन्नाशी उलटलेला मुसलमान माणूस. सगळे त्याला चाचा म्हणत. खांबावर तो अजूनही असा चढे की खाली पोरं बघायला जमावीत. नोकरी मात्र इतकी वर्षं हंगामीच. त्याला कायम करण्याचा कागद वर गेला होता आणि वरून एकच विचारणा आली होती: या खेड्याच्या लाईनवर वारंवार दोष का येतो? दोष निघाला नाही तर लाईनमन कामाचा नाही, कायम करायचा प्रश्नच नाही, उलट कमी करावा. म्हणजे मी चहा पिण्याआधी ज्या ओळी खरडत होतो, त्यांच्यावर चाचाच्या घरची चूल टांगलेली होती. मला हे माहीत होतं. नव्हतं असं म्हणून आता काही उपयोग नाही.

दोष शोधायला साहेब आले. पुण्याकडचे, इस्त्रीचे, चामड्याच्या पेटीत मीटर घेऊन हिंडणारे. आमचं बोलणं ऐकून ते ओठांच्या कोपऱ्यातून हसत. "जाऊन राह्यलो म्हणजे नक्की काय? गेलात की राहिलात?" असं त्यांनी चाचाला एकदा विचारलं आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाले. त्यांनी लाईन मोजली. लाईन चांगली. त्यांनी खांबांवरच्या, तार बांधायच्या चिनीमातीच्या वाट्या बदलायला लावल्या, दोष गेला नाही. एक अख्खी चिंच छाटून टाकली, कारण फांदी तारेला लागत असावी. तरी गेला नाही. गावातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की त्या चिंचेवर मुंजा आहे, तो डॉक्टरवर खार खाऊन आहे. साहेब त्याला हसले, आणि स्वतः लिहिलं काय, तर बाजाराच्या दिवशी कॉल जास्त होतात म्हणून तार तापते. वा रे वा! मुंजा परवडला. मुंजाला निदान पगार द्यावा लागत नाही.

एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. त्याच फोनवरून, त्याच दिवशी, कापसाच्या अडत्याला कॉल लागत होता. वकिलाला लागत होता. त्या तीन डॉक्टरांतल्या दुसऱ्या दोघांनाही लागत होता. फक्त या एकाचंच नाव तेवढं पोचत नव्हतं, तेही कधीमधी. तार काय माणसं ओळखते? शेंबडं पोरही हा प्रश्न विचारील. पण आम्ही मीटरवाले, मॅट्रिकवाले. आम्ही नाही विचारला.

शेवटी साहेबांनी फर्मान काढलं की बाजाराच्या दिवशी मी लाईनच्या खेड्याकडच्या टोकाला जाऊन उभं राहावं, बोर्डावर जोडीदार बसेल. मी आणि चाचा सकाळच्या एसटीनं निघालो. मी विचारलं, "चाचा, तुमाले काय वाटते, कुठं असन दोष?"

"तारीत नाही," तो म्हणाला.

"मंग कुठं हाये?"

"माह्या कामातला नाही, बाबू." एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं चालत नाही.

पोस्टात पोचलो तर मास्तर टपालाची थैली घेऊन एसटी थांब्याकडे निघालेच होते. बाजाराच्या दिवशी ते थैली गाडीत टाकून तसेच बाजारात जात आणि दुपारी परतत. मधल्या वेळात फोन कोण घेतो, असं मी विचारलं. "घरातून घेतात," ते म्हणाले. घरातून म्हणजे त्यांची बायको. हे नियमात बसत नव्हतं, पण नियमात बसणारं त्या ओसरीत एक तराजूच होता, आणि तोही एका बाजूला कललेला.

बाई टेबलाजवळ आली. तिशीची असेल, डोक्यावरून पदर, नऊवारी. खुर्चीवर बसली नाही, खुर्चीशेजारी उभी राहिली. दोन अडते येऊन गेले. तिनं हँडल फिरवलं, नावं सांगितली, चटाचट कॉल लागले. आवाज खणखणीत. मी वहीत टिपत होतो, लाईन चांगली, लाईन चांगली.

मग एक शेतकरी धावत आला. पायात वहाण नव्हती. "मायबाई, डाक्टरले लाव. कालपासून अडली हाये. सुईणीनं हात टेकले."

कोणता डॉक्टर हे त्यानं सांगितलं नाही. खेड्यात सांगायची गरजच नव्हती, जीपवाला एकच. आणि फोन लागल्याशिवाय रिसीव्हर दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, हा मास्तरांचा हुकूम. बाईनं हँडल फिरवलं. मी तिच्या इतक्या जवळ उभा होतो की पलीकडचा माझा जोडीदार मला स्पष्ट ऐकू येत होता.

"डाक्टरले द्या जी," ती म्हणाली.

"कोणते डॉक्टर? तीन हायेत!"

"ते... जीपवाले."

"म्या काय आरटीओ हाओ काय? नाव सांगा, नाव!"

आरटीओचं वाक्यही माझंच होतं. त्यानं माझ्याकडूनच उचललं होतं. बाईनं पदर दातात धरला आणि ती गप्प झाली. तिकडे हॅलो हॅलो, इकडे ही मान खाली घालून उभी. मग तिनं हळूच रिसीव्हर टांगला आणि शेतकऱ्याला म्हणाली, "नाही लागून राह्यला, भाऊ."

माझं डोकं सणकलं. तिनं टांगलेला रिसीव्हर ओढून घेतला, हँडल फिरवलं, डॉक्टरांचं नाव ओरडून सांगितलं. मिनिटात कॉल लागला. जीप निघते म्हणाले. शेतकरी माझ्या पाया पडायला लागला तेव्हा मी मोठा देव झालो होतो.

मग बाईकडे वळलो. "नाव काऊन नाही घेतलं? माहीत नाही काय?"

चाचानं माझी बाही ओढली आणि दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. चौकटीवर टीनची पाटी होती, पांढऱ्या रंगात मास्तरांचं नाव. आम्ही सगळे त्या माणसाला मास्तर म्हणायचो. त्याला दुसरं काही नाव असेल असा विचारही मनात आला नव्हता. त्यातलं पहिलं नाव जीपवाल्या डॉक्टरांचंच होतं. तेच, तस्संच.

बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल ते पहिलं आणि शेवटचं. त्या नावाचा दीर असो, वाणी असो की डॉक्टर, ते नाव तोंडातून काढायचं नाही. माझी आई घ्यायची नाही, माझी बायको घ्यायची नाही. घरी दिवसरात्र मी हे बघत होतो, आणि महिनोन्‌महिने वहीत लिहीत होतो, "आवाज मधेच जातो."

लाज वाटायला हवी होती. मला आलं हसू. हसलो, आणि त्या हसण्याच्या भरात बोललो. "धन्य हाये तुमची! एका नावापायी तिकडं बाई मरून राह्यली. सरकारनं झाडं तोडली, वाट्या बदलल्या, अन् तुमी पदर चावत उभ्या! जीभ झडते काय नाव घेतल्यानं? अन् हे चाचा पाहा. तुमच्यापायी यांची नोकरी जाऊन राह्यली."

तिनं पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे नाही, चाचाकडे बघितलं. "चाचाची नोकरी जाईन?"

"हाव, जाईन. लाईन खराब हाये म्हनून काढतीन त्याले."

"चुप बसा बाबू," चाचा म्हणाला. "तिले काऊन बोलता? बाई, काही होत नाही. तुमी घरात जा."

परतताना एसटीत मी त्याला झापलं. "तुमाले माहीत होतं!"

"पयल्या महिन्यापासून."

"मंग सांगतलं काऊन नाही? पोटावर पाय येऊन राह्यला तुमच्या!"

"काय सांगू? मास्तर थैली टाकून बाजारात फिरते, बायको फोनवर बसते, हे सांगू? त्याची जाईन. अन् दुसऱ्याच्या घरातली गोष्ट हाये ते. माही बायकोबी नाही घेत माहं नाव." मग म्हणाला, "मले वाटलं, तुमी बोर्डावरचे लोक हुशार हा. समजून घ्यान."

मी मनात म्हणालो, अडाणी तो अडाणीच. आणि घरी जाऊन साहेबांसाठी तीन पानं लिहिली. अक्षर वळणदार काढलं. मास्तरांचं बाजारात फिरणं गाळलं, एवढी दया केली. बाकी सगळं लिहिलं: दोष तारेत नाही, नावात आहे.

साहेबांनी ती तीन पानं उभ्या उभ्या वाचली आणि खो खो हसले. "अहो, हा काय कीर्तनाचा विषय आहे? मी वरती काय लिहू, एका बाईला लाज वाटते म्हणून सरकारचा फोन चालत नाही?" पण शंका राहिली असावी. म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या बाजारी मी स्वतः बोर्डावर बसतो. ती नाव घेत नाही हे माझ्या कानांनी ऐकू द्या. लाईनमन निर्दोष, असं मी लेखी देईन."

मी खूश. चाचा कायम होणार आणि तो माझ्या हुशारीनं होणार. आता सांगतो ते नीट ऐका, कारण त्याहून मोठा मूर्खपणा मी आयुष्यात केलेला नाही. मी त्या बाईला काय बोलून आलो होतो, ते मला आठवत होतं. पण त्याचा काही परिणाम होईल असं मनातसुद्धा आलं नाही. म्हटलं, ती कुठली घेते! अशा बायका जीव देतील पण नाव घेणार नाहीत. चाचाला मी सांगितलंही नाही की साहेब ऐकणार आहेत. कशाला सांगायचं? तो येडा जाऊन तिला आणखी काही समजावत बसेल.

बाजाराचा दिवस उजाडला. साहेबांनी दुसरा हेडफोन कानाला लावला आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला, आम्हाला न विचारता. अकराच्या सुमाराला त्या खेड्याची झडप पडली.

"कोण पाहिजे?"

"डाक्टरले द्या जी." तीच होती.

"कोणते डॉक्टर? तीन आहेत. नाव सांगा." साहेब असल्यामुळे मी शुद्ध बोललो.

गप्प. मी साहेबांकडे बघून मान हलवली, म्हटलं ऐका, ऐका आता. साहेबांनी कप खाली ठेवला. मी मनात मोजायला लागलो, म्हणजे किती वेळ गप्प होती ते लिहिता येईल.

आणि तिनं नाव घेतलं.

एकदम घेतलं. आधी नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव, शाळेत उभं केलेल्या पोरीसारखं. अक्षर न् अक्षर कळत होतं. मागं ओसरीवर दोनचार बाप्ये हसले, तेही ऐकू आलं. माझा हात दोरीवर तसाच राहिला. मी जोडत नाही असं बघून तिला वाटलं असेल की पोचलं नाही. तिनं दुसऱ्यांदा घेतलं, आणखी मोठ्यानं. मग म्हणाली, "बाबू, आवाज साफ येऊन राह्यला ना? लाईन चांगली हाये. लिहून घ्या तुमच्या वहीत, चाचाची लाईन चांगली हाये म्हना."

साहेबांनी हेडफोन काढला. "घेतलं की हो नाव! दोनदा घेतलं!"

"साहेब, ती आधी घेत नव्हती..."

"मग आज कशी घेतली?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी तिला बोललो म्हणून. चाचाची नोकरी जाईल असं मीच सांगितलं म्हणून. पण ते सांगायचं तर वहीतली ती सगळी पानं, माझ्या सहीची, माझ्या अकलेची म्हणून पुढं करावी लागली असती. मी म्हणालो, "माहीत नाही, साहेब."

"मला माहीत आहे," ते म्हणाले, "दोष तारेतच आहे. आज तार नीट आहे, एवढंच." आणि त्यांनी माझी तीन पानं माझ्या हातात परत दिली.

महिनाभरात चाचाला कमी केल्याचा कागद आला. नवा लाईनमन आला. त्याला खांबावर चढताना धाप लागायची आणि अर्ध्या वेळा तो चढायचाच नाही. पण त्या खेड्याहून डॉक्टरांचा फोन पुन्हा कधी अडला नाही, कारण बाई आता दर वेळी नाव घेत होती. साहेबांनी वर लिहिलं की लाईनमन बदलल्यापासून दोष दूर झाला आहे. कागदावर ते खरंच होतं. मूर्ख माणसाच्या हाती खरी गोष्ट आली की तो तिचं काय करील ते सांगता येत नाही, आणि मी तर बोलून चालून भित्रा.

हेही सांगून टाकतो. त्या डॉक्टरांचा नंबर सतरा होता. "सतरा द्या" एवढं तिला शिकवलं असतं, तर ना नाव, ना लाज, ना काही. खुंटीवरचं पुस्तक उतरवायचा अवकाश होता. मला सुचलं नाही. मला तिच्या तोंडून नावच ऐकायचं होतं.

चाचा कंबरेचा पट्टा आणि पक्कड जमा करायला आला तेव्हा मी बोर्डावर होतो. त्यानं दोन्ही वस्तू माझ्या टेबलावर ठेवल्या. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाबू, तिनं नाव घेतलं म्हनते लोक," तो म्हणाला. "चारचौघांत?"

"हाव."

"माह्यापायी?"

मी मान हलवली.

"अन् तुमी घेऊ देल्लं."

तेवढ्यात झडप पडली, त्याच खेड्याची. मी दोरी जोडली. बाईनं डॉक्टरांचं नाव सांगितलं, आता न अडखळता, आणि मी कॉल जोडून दिला. चाचा खिडकीशी उभा राहून सगळं ऐकत होता.